बाळाची लोहाची शिदोरी

बाळाला सहावा महिना लागला की आपल्याकडे घरात उष्टावणाचा विषय निघतो. मुलासाठी सम महिना, मुलीसाठी विषम, असे जुने संकेत पाळून मामाच्या किंवा आजोबांच्या मांडीवर बाळाला बसवतात आणि चांदीच्या वाटीतली खीर त्याच्या ओठांना लावतात. ज्यांनी हा संस्कार रूढ केला त्यांच्यापाशी रक्त तपासण्याची साधने नव्हती. परंतु तान्हे मूल केवळ दुधावर किती काळ वाढू शकते, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. आजचे बालरोगशास्त्रही सहा महिने पूर्ण झाल्यावर, दूध चालू ठेवून, जोडीला अन्न सुरू करावे असेच सांगते. (मुलीसाठी विषम महिना धरायचाच असेल तर पाचव्याऐवजी सातवा धरावा, म्हणजे रीतही राहते आणि बाळाचे हितही साधते.) हा काळ निवडण्यामागे जी कारणे आहेत, त्यांतले एक फार महत्त्वाचे कारण म्हणजे लोह.

जन्माला येताना प्रत्येक बाळ आईकडून लोहाची एक शिदोरी घेऊन येते. पहिले काही महिने ते या शिदोरीवर वाढते. सहा महिन्यांच्या आसपास ती सरत येते आणि पुढचे लोह बाहेरून मिळावे लागते. ते कोठून मिळणार, याचे उत्तर बाळ आईच्या दुधावर आहे की डब्याच्या, यावर थोडेफार अवलंबून असते. पण त्याहून अधिक ते बाळाच्या वाटीत काय पडते यावर अवलंबून असते. आई नोकरीवर परतली की दुपारची ती वाटी भरवणारे हात बहुधा आजीचे असतात. म्हणून हा विषय आई-वडिलांइतकाच आजी-आजोबांनी आणि बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगा आहे.

शिदोरी कशी बांधली जाते

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या शरीरात जन्मतः वजनाच्या दर किलोमागे साधारण ७५ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे तीन किलोच्या बाळापाशी सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. हे सारे लोह आईच्या रक्तातून वारेवाटे आलेले असते आणि त्याचा मोठा भाग गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत येतो.

पोटात असताना बाळाला प्राणवायू बेताचाच मिळतो. म्हणून त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात आणि जन्मावेळी हिमोग्लोबिन १६ ते १८ ग्रॅमपर्यंत असते. जन्मानंतर फुप्फुसे काम करू लागली की एवढ्या पेशींची गरज उरत नाही. जादा पेशी हळूहळू मोडल्या जातात, पण त्यांतले लोह शरीर टाकून देत नाही. जुन्या काळची गृहिणी मोडीचे तांबे-पितळ जसे जपून ठेवी, तसे ते साठवून ठेवले जाते. दोन महिन्यांच्या सुमारास बाळाचे हिमोग्लोबिन १०-११ ग्रॅमपर्यंत उतरते ते यामुळे. तपासणीत असा आकडा आला म्हणून घरात घाबरण्याचे कारण नाही. ही उतरण स्वाभाविक आहे.

त्यानंतर मात्र खर्च सुरू होतो. पाचव्या महिन्यापर्यंत बाळाचे वजन जन्मवेळच्या दुप्पट होते, वर्षाअखेर तिप्पट. त्या मानाने रक्तही वाढावे लागते, स्नायू वाढावे लागतात आणि मेंदू तर कधी नव्हे एवढ्या वेगाने वाढत असतो. या सर्वांना लोह लागते.

काही बाळांची शिदोरी मुळातच लहान असते. अपुऱ्या दिवसांचे बाळ अखेरच्या महिन्यांचे लोह घेण्याआधीच बाहेर आलेले असते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ, जुळी बाळे, आणि जिच्या अंगात रक्त फारच कमी होते किंवा जिचा मधुमेह काबूत नव्हता अशा मातेचे बाळ, हीही याच गटात मोडतात. अशा बाळांना लोहाचे थेंब सहा महिन्यांची वाट न पाहता, बहुधा पहिल्या-दुसऱ्या महिन्यापासूनच, वजनानुसार मात्रा ठरवून देतात. रुग्णालयातून घरी सोडताना ही सूचना कागदावर लिहिलेली असते. पण बारशाच्या गडबडीत तो कागद फायलीत राहून जातो. घरातील ज्येष्ठांनी तो एकदा शांतपणे वाचून पाहावा.

शिदोरीत भर घालण्याची एक संधी जन्माच्या क्षणीही असते. बाळ बाहेर आल्यावर नाळ लगेच न बांधता एक ते तीन मिनिटे थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्या अवधीत वारेतले सुमारे ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाकडे जाते आणि त्यातले लोह पुढे काही महिने उपयोगी पडते. अशा बाळांत काविळीकडे थोडे अधिक लक्ष ठेवावे लागते, इतकेच. बाळाला वा मातेला तातडीच्या उपचारांची गरज असेल तर अर्थातच डॉक्टर ठरवतील ते खरे. परंतु प्रसूतीपूर्वी याबद्दल विचारून ठेवण्यास काहीच हरकत नसते.

आईचे दूध: थोडे, पण गुणी

आईच्या दुधात लोह फार कमी असते. एका लिटरमागे पाव ते अर्धा मिलिग्रॅम, एवढेच. गाईच्या दुधातही ते जवळपास तेवढेच असते. पण दोन्हींच्या गुणांत मोठा फरक आहे. १९७० च्या दशकातील अभ्यासांत आईच्या दुधातील जवळजवळ निम्मे लोह बाळाच्या अंगी लागते, तर गाईच्या दुधातील सुमारे एक दशांश, असे आढळले. पुढच्या काळातील मोजमापांत आईच्या दुधाबाबतचा आकडा याहून कमी आला, तरी तिच्या दुधातले लोह अधिक सहजपणे शोषले जाते यात वाद नाही.

दुधात लोह इतके कमी का ठेवले असावे? आईच्या दुधात लॅक्टोफेरिन नावाचे एक प्रथिन असते. ते लोहाला धरून ठेवते. आतड्यातील रोगजंतूंनाही वाढण्यासाठी लोह लागते. ते त्यांच्या हाती लागू नये, अशी ही व्यवस्था असल्याचे मानले जाते. तान्ह्या बाळाला शिदोरी मिळालेलीच असते. तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत दुधातले कमी लोह ही उणीव नव्हे. सहा महिने निव्वळ आईचे दूध हेच पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी सर्वोत्तम अन्न आहे.

सहा महिन्यांनंतर मात्र हिशेब बदलतो. आता बाळाच्या रक्तात रोज सुमारे पाऊण मिलिग्रॅम लोह जिरावे लागते. पाऊण लिटर दूध पिणाऱ्या बाळाला त्यातून जेमतेम पाव मिलिग्रॅम मिळते. ते सगळेच्या सगळे अंगी लागले तरी दोन तृतीयांश तूट राहते. ही तूट जास्त दूध पाजून भरून निघत नाही. “आईचे दूध भरपूर आहे, मग वरचे अन्न आणखी दोन महिन्यांनी सुरू करू” असा विचार प्रेमापोटी होतो, पण त्यात बाळाचे नुकसान आहे. स्तनपान दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे. अन्न मात्र वेळेवर सुरू व्हावे.

बाळंतिणीच्या खाण्याने दुधातले लोह वाढते का?

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, बाजरीची भाकरी, मेथी हा बाळंतिणीचा आहार आपल्या आज्यांनी मोठ्या शहाणपणाने ठरवला. तो तिच्या झिजलेल्या शरीरासाठी उत्तम आहे. मात्र आईने लोहयुक्त पदार्थ किंवा गोळ्या घेतल्याने तिच्या दुधातील लोह फारसे वाढत नाही. तिच्या अंगात लोह कमी असो वा जास्त, दुधातले प्रमाण साधारण तेवढेच राहते. तेव्हा “मी अळीव खाते, म्हणून बाळाला वेगळे लोह नको” हे गणित जुळत नाही.

याचा अर्थ आईने गोळ्या सोडाव्यात असा नाही. सरकारी कार्यक्रमानुसार गर्भारपणात १८० दिवस आणि प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फोलिक ॲसिडची गोळी घ्यायची असते. प्रसूतीत गेलेले रक्त भरून येण्यासाठी, बाळाचे करताना अंगात त्राण राहण्यासाठी आणि पुढचे बाळ पुरेशी शिदोरी घेऊन यावे यासाठी ती आवश्यक आहे. बाळ झाले की सगळे घर बाळाकडे पाहू लागते आणि आईची गोळी विसरली जाते. तिला त्या गोळीची आठवण करून देणे हे सासूबाई किंवा आईचे काम, आणि ते फार मोलाचे काम आहे.

डब्याचे दूध आणि वरचे दूध

काही ना काही कारणाने आईचे दूध पुरत नाही किंवा देता येत नाही, तेव्हा डॉक्टर बाळांसाठीचे डब्याचे दूध सुचवतात. या दुधात लोह वेगळे मिसळलेले असते. ते आईच्या दुधातल्याइतके सहज शोषले जात नाही, म्हणून त्याचे प्रमाण कितीतरी अधिक, निरनिराळ्या देशांच्या नियमांनुसार लिटरमागे साधारण ४ ते १२ मिलिग्रॅम, ठेवलेले असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६९ मध्ये लोहयुक्त डब्याच्या दुधाची शिफारस केली आणि १९७० च्या दशकात गरीब कुटुंबांपर्यंत ते सरकारी योजनेतून पोहोचू लागले. त्यानंतर त्या घरांतील मुलांमधील रक्तक्षय लक्षणीय घटला. लोहामुळे बाळाला मळावरोध होतो, पोट दुखते, या समजुतीने लोहविरहित दूध शोधणारे पालकही असत. पण तपासून पाहता लोहयुक्त दूध पिणाऱ्या बाळांत या तक्रारी अधिक आढळल्या नाहीत.

म्हणजे डब्याचे दूध आईच्या दुधाहून श्रेष्ठ ठरते का? मुळीच नाही. रोगप्रतिकाराची शक्ती, पचनाची सुलभता आणि माय-लेकरांचा सहवास यांची जागा कोणताही डबा घेऊ शकत नाही. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने अशा दुधाच्या जाहिरातीवर बंदी आहे ती याचसाठी. लोहाचा प्रश्न सोडवण्यासाठी आईचे दूध तोडून डबा सुरू करण्याची गरज नाही; तो प्रश्न अन्नाने आणि थेंबांनी सुटतो.

डब्याच्या दुधावर बाळ असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, डब्यावर लिहिलेल्या मापानेच पावडर आणि पाणी घ्यावे. महाग डबा पुरवून वापरण्यासाठी दूध पातळ केले, तर लोहासकट सारेच पोषण पातळ होते. दुसरी, चहासाठी मिळणारी दूध पावडर म्हणजे बाळाचे दूध नव्हे. दोन्ही पांढऱ्या पावडरी दुकानात शेजारी मिळतात, पण साध्या पावडरीत बाळासाठीचे लोह नसते. तिसरी, बाटलीऐवजी स्वच्छ उकळलेली वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले वापरावे.

आता वरच्या दुधाविषयी, म्हणजे गाई-म्हशीच्या दुधाविषयी. आपल्या घरांत हा नाजूक विषय आहे, कारण “आमच्या वेळी गाईच्या दुधावरच मुले वाढली” हे अनेकांच्या बाबतीत खरेच असते. परंतु पहिल्या वर्षात गाईचे दूध मुख्य आहार म्हणून दिल्यास लोहाची तूट तीन बाजूंनी होते. त्यात लोह कमी. त्यातले कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन इतर अन्नातील लोहही नीट शोषू देत नाही. आणि कोवळ्या आतड्याला ते सोसत नसल्यामुळे डोळ्यांना न दिसणारा, थेंबाथेंबाने रक्तस्राव काही बाळांना होतो. म्हणून वर्षाच्या आत वरचे दूध नको. शेळीच्या दुधात तर फोलिक ॲसिडही फार कमी असते. वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध देऊ नये. दूध पिऊन पोट भरलेले मूल जेवत नाही. दिसायला गुबगुबीत, पण आतून रक्त कमी, अशी मुले दवाखान्यात नित्य दिसतात.

एवढी काळजी का?

लोह कमी म्हणजे थोडा अशक्तपणा, पुढे खाऊ लागला की भरून येईल, असे पुष्कळांना वाटते. खरी अडचण येथेच आहे. लोह अपुरे पडू लागले की शरीर ते आधी तांबड्या पेशींना पुरवते. प्रथम साठा रिता होतो, मग मेंदूसह इतर अवयवांची आबाळ होते, आणि सर्वांत शेवटी हिमोग्लोबिन उतरते. म्हणजे बाळ फिकट दिसू लागते तोवर मेंदूने काही काळ तूट सोसलेली असते. मज्जातंतूंवरचे आवरण घडणे, मेंदूतील संदेशवाहक द्रव्ये तयार होणे या कामांना लोह लागते आणि ही कामे पहिल्या दोन वर्षांत ऐन भरात असतात.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात बेट्सी लोझॉफ या अमेरिकी संशोधक महिलेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक ते दोन वर्षांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. लोहाची कमतरता आढळलेल्या मुलांना औषध देण्यात आले. पुढे हीच मुले पाचव्या वर्षी, अकरा ते चौदा वर्षांची असताना आणि एकोणिसाव्या वर्षीही तपासली गेली. ज्यांच्यातील कमतरता तीव्र आणि जुनाट होती, त्यांचे बौद्धिक चाचण्यांतील गुण उपचारानंतरही मागे राहिले. गरीब घरांतील मुलांत तर हे अंतर वयाबरोबर वाढत गेले. मुलांच्या वाढीवर घरच्या परिस्थितीचाही परिणाम होतो, त्यामुळे सगळे खापर लोहावर फोडता येणार नाही. पण रक्त भरून आले म्हणजे गेलेला काळही भरून आला, असे धरून चालता येत नाही. उपचारापेक्षा आधीची खबरदारी श्रेष्ठ, हे वचन येथे तंतोतंत लागू पडते.

आपल्याकडील चित्र गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के, महाराष्ट्रात ६८.९ टक्के आणि गोव्यात ५३.२ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. बोटाच्या टोकातील रक्तावरची ही तपासणी आकडे थोडे वाढवून दाखवते, असे काही तज्ज्ञ म्हणतात. परंतु २०१६-१८ मधील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात, शिरेतले रक्त तपासूनही, एक ते चार वर्षांच्या ४१ टक्के मुलांत रक्तक्षय आणि ३२ टक्के मुलांत लोहाची कमतरता दिसली. याच सर्वेक्षणात लोहाची कमतरता खेड्यांपेक्षा शहरांतील मुलांत अधिक आढळली. तेव्हा हा केवळ उपासमारीचा प्रश्न नाही. भरल्या घरांतही तो आहे.

वाटीत काय असावे

अमेरिकेतील शिफारशींनुसार सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, तर साठी ओलांडलेल्या आजोबांना ८ मिलिग्रॅम पुरते. आपल्याकडील आकडे निराळ्या पद्धतीने काढले जातात, पण वजनाच्या मानाने बाळाची गरज मोठी, हे तत्त्व तेच. इवल्याशा पोटात, चार-सहा चमच्यांत हे बसवायचे, म्हणून प्रत्येक चमचा सकस हवा.

डाळीचे वरचे पाणी, भाताची पेज, साबुदाण्याची लापशी हे पदार्थ पचायला हलके खरे, पण लोहाच्या दृष्टीने जवळपास रिकामे. डाळीचे पाणी नव्हे, घोटलेली डाळ द्यावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेचार, बाजरीत सहा आणि मसुरीच्या डाळीत सात मिलिग्रॅम लोह असते. धान्ये-कडधान्ये भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर त्यांतील लोह अधिक शोषले जाते. आपल्या नाचणीसत्त्वामागे हीच युक्ती आहे. मात्र सत्त्व फार बारीक वस्त्रगाळ केले तर चोथ्याबरोबर खनिजांचा बराच भागही निघून जातो. मोड आणलेल्या नाचणीचे पीठ साध्या चाळणीने चाळून त्याची खीर शिजवावी.

वनस्पतींतील लोह शरीराला थोडेच घेता येते. त्याला आंबटाची जोड मिळाली की ते वाढते. खिचडीवर लिंबाचे चार थेंब, जेवणानंतर संत्र्याची फोड किंवा पेरूचा मऊ गर, वरणात थोडा टोमॅटो एवढ्याने बराच फरक पडतो. लोखंडी कढईत शिजवलेल्या, विशेषतः आंबटसर पदार्थांत थोडे लोह उतरते. ती कढई माळ्यावरून खाली काढावी.

मांसाहारी घरांत संकोच नको. मांस, कोंबडी, मासे यांतील लोह वनस्पतींतील लोहापेक्षा कितीतरी सहज शोषले जाते आणि सोबतच्या भात-वरणातील लोहालाही साथ देते. सहा महिन्यांनंतर नीट शिजवून, काटा-हाड काढून, कुस्करून थोडे थोडे द्यावे. अंडेही पौष्टिक आहे, पण लोहासाठी केवळ त्यावर विसंबू नये.

बीट, डाळिंब आणि सफरचंद यांनी रक्त वाढते, ही समजूत रंगावरून आली असावी. शंभर ग्रॅम बीट, डाळिंब वा सफरचंदात एक मिलिग्रॅमही लोह नसते. ही फळे-कंदे खुशाल द्यावीत. पण रक्तासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. गूळ-खजुराबाबतही मर्यादा बरी. पहिल्या वर्षात गोडाची सवय लावू नये आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच चाटवू नये, त्यातून क्वचित गंभीर विषबाधा होते.

दोन सवयींबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे. सकाळच्या चहात बिस्कीट बुडवून नातवंडाला देणे, ही अनेक आजोबांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. पण चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते आणि बिस्किटाने भूक मरते. चहाऐवजी त्या वेळी मोसंबीची फोड द्यावी. मांडीवरची ती दहा मिनिटे तशीच गोड राहतात. दुसरी सवय बाळगुटीची. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये हा नियम गुटीलाही लागू होतो; शिवाय तिच्यातील हिरड्यात टॅनिन असते आणि सहाण स्वच्छ नसेल तर जुलाबांची भीती.

थेंब, सिरप आणि खबरदारी

शाकाहारी आहारातून बाळाची गरज पूर्णपणे भागवणे कठीण असते. त्यासाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप दिले जाते. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. आशाताईंकडून ही ५० मिलिलिटरची बाटली विनामूल्य मिळते. खाजगी डॉक्टर काही वेळा रोजचे थेंब लिहून देतात. दोन्ही औषधे एकाच वेळी चालू असतील तर डॉक्टरांना तसे सांगावे. डब्याचे दूध पिणाऱ्या बाळाला किती मात्रा द्यायची, हेही त्यांनाच विचारावे.

सिरप दुधाबरोबर देऊ नये. दोहोंत तास-दोन तासांचे अंतर ठेवावे. ते जिभेच्या मागच्या भागावर सोडावे आणि नंतर पाणी पाजावे, म्हणजे दातांवर डाग पडत नाहीत. शी काळसर होते, त्याने घाबरू नये. ताप, जुलाब वा न्यूमोनिया असेल तर बरे वाटेपर्यंत थांबावे. रक्तक्षयावर उपचार चालू असतील तर हिमोग्लोबिन वर आले म्हणून औषध बंद करू नये. साठा भरण्यासाठी ते आणखी दोन-तीन महिने लागते.

प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच असतो असे नाही. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल आढळतो. सिंधी, कच्छी, लोहाणा आदी समाजांत थॅलॅसेमियाचे प्रमाण अधिक आहे. थॅलॅसेमियाच्या रुग्णाला लोह देणे घातक ठरू शकते. कुटुंबात असा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगावा. आणि घराण्याचा असा इतिहास बहुधा ज्येष्ठांनाच ठाऊक असतो. आई कटाक्षाने शाकाहारी असून दूध-दहीही फारसे घेत नसेल, तर बाळाला बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते; त्याचीही चौकशी व्हावी.

तळहात आणि पापण्यांचा आतला भाग फिका दिसणे, भूक मंदावणे, चिडचिड, माती वा भिंतीचा रंग खाणे, रडता रडता श्वास कोंडून निळे पडणे, यांपैकी काही दिसल्यास तपासणी करावी. काहीही दिसत नसले, तरी नऊ ते बारा महिन्यांच्या लसीकरणावेळी हिमोग्लोबिनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

शेवटची सूचना आजी-आजोबांच्या स्वतःच्या औषधांबद्दल. लोहाच्या गोळ्या रंगीत, गोड आवरणाच्या आणि लिमलेटच्या गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या असतात. ६० मिलिग्रॅमच्या तीन-चार गोळ्यांनीही दहा किलोच्या मुलाला विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. दहा गोळ्या जिवावर बेततात. उशीखाली, टेबलावर किंवा पदराच्या गाठीत या गोळ्या ठेवू नयेत. मुलाने त्या गिळल्याचा नुसता संशय आला तरी, उलटीची वाट न पाहता, पाकीट बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

औषधे कुलपात ठेवली, की भिंतीवरची दिनदर्शिका घ्यावी. आठवड्यातले दोन वार ठरवून त्यांवर सिरपची खूण करावी, बाळंतिणीच्या गोळीचीही करावी. दिले की बरोबरची खूण, राहिले तर दुसऱ्या दिवशी. एवढे काम ज्या घरात नियमाने होते, त्या घरातले बाळ संपत आलेल्या शिदोरीवर उपाशी राहत नाही.